वर्गातली फ्रेंच नावं

प्रश्न : मी यंदा पहिल्यांदाच फ्रेंच शिकवते आहे. मुलं बारा-तेरा वर्षांची. वर्गापुरतं प्रत्येकाला फ्रेंच नाव द्यायची इथे जुनी पद्धत आहे आणि आधीच्या शिक्षकांची यादीही माझ्या हाती आली आहे : झेरार, मोनिक, बेर्नार, झिनेत वगैरे. ही यादी तशीच वापरू का? दोन-तीन मुलांनी ‘आम्हाला आमचंच नाव हवं’ असं सांगितलंय. त्यांचं काय करू?
– एक वाचक शिक्षिका

उत्तर : यादी बाजूला ठेवा. त्यातली मोनिक आणि झेरार आज फ्रान्समध्ये भेटतात ते आजी-आजोबांच्या वयाचे. अशा याद्यांत तीच ती नावं का येतात, त्याला कारण आहे. १८०३च्या कायद्याने नाव कॅलेंडरांत (तिथे तारखेपुढे एकेक नाव छापलेलं असतं) रूढ असलेलं किंवा प्राचीन इतिहासातलंच असावं, असं बंधन घातलं होतं. अंमलबजावणी पुढे सैल होत गेली, पण आईवडिलांना खरी मोकळीक मिळाली ती १९९३मध्ये. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९१मध्ये, मुलग्यांत सगळ्यात जास्त ठेवलेलं नाव इंग्रजी वळणाचं केविन होतं! फ्रान्सची सांख्यिकी संस्था ‘इन्से’ १९००पासूनची नावं वर्षवार खुली ठेवते. तुमच्या मुलांच्या जन्मसालाची यादी उघडा. एमा, मानों, क्लोए, ल्यूका, झ्यूल, उगो अशी नावं सापडतील. त्यांच्या वयाची फ्रेंच मुलं आज एकमेकांना याच नावांनी हाका मारतात.

पण नुसती ताजी नावं पुरेशी नाहीत. मी नावं निवडते ती कानासाठी आणि व्याकरणासाठी. वर्गात एक एलेन आणि एक एमिल हवेतच. ‘पोलचं पुस्तक’ म्हणताना ‘द पोल’ आणि एमिलचं म्हणताना ‘देमिल’. स्वर आला की ‘द’ आपला स्वर टाकून पुढच्या नावाला चिकटतो. एलेनचं स्पेलिंग ‘एच’ने सुरू होतं, पण तो मुका, म्हणून तिचं पुस्तक म्हणतानाही ‘देलेन’च. हा नियम फळ्यावर कितीही लिहिला तरी डोक्यात राहत नाही. वह्या वाटताना रोज म्हणावा लागला की आपसूक बसतो. लुई आणि लुईझ, लोरां आणि लोरांस या जोड्या शेजारी बसवा : शेवटचं व्यंजन कधी गप्प असतं आणि कधी बोलतं, ते तिथे स्वच्छ ऐकू येतं. पास्काल मात्र एकच घ्या. मुलाचं आणि मुलीचं स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. हजेरीला दोघं एकदम उठतात.

नाव मुलांनीच निवडावं, हे माझं ठाम मत. तुम्ही अर्थ, उच्चार, अक्षरांवरच्या खुणा सांगा आणि थांबा. माझ्याकडे एका मुलीने ‘अनाईस’ घेतलं होतं. त्यातल्या ‘आय’वर दोन टिंबं असतात, ती गाळली तर वाचणारा ‘आने’ म्हणेल, एवढंच मी तिला सांगितलं. त्या दिवसापासून ती आधी टिंबं काढायची, पेन चांगलं दाबून, आणि मग त्यांच्याखाली बाकीचं नाव लिहायची. शेजारच्याने चुकवलं तर त्याचा कागद ओढून घेऊन दुरुस्त करायची. खुणांचा वेगळा तास मला त्या वर्गात घ्यावा लागला नाही.

कुणी ‘क्रोआसाँ’ (तो खुसखुशीत फ्रेंच पाव) हेच नाव हवं म्हणून हटून बसेलच. तेव्हा २०१४ची गोष्ट सांगा : व्हालांसिएनच्या न्यायालयाने एका बाळाचं ‘नुटेला’ हे पावाला लावायच्या चॉकलेटचं नाव नाकारून ‘एला’ केलं होतं. मुलं खूश होतात आणि मुकाट्याने माणसाचं फ्रेंच नाव घेतात.

आता नको म्हणणारी मुलं. त्यांना अजिबात आग्रह करू नका. नाव ही माणसाची स्वतःची गोष्ट. ते काढून घेतल्यासारखं वाटलं तर मूल तोंडच उघडत नाही, आणि भाषेच्या वर्गात याहून मोठं नुकसान नाही. स्वतःचं नाव ‘झ मापेल’च्या (‘माझं नाव…’) पुढे जसंच्या तसं बसतं. फ्रेंच तरी एकट्या फ्रान्सची कुठे आहे? अमिनाता, उस्मान ही सेनेगालमधल्या फ्रेंच बोलणाऱ्यांची रोजची नावं. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कवी लेओपोल्ड सेदार सेंगोर १९८३मध्ये फ्रेंच अकादमीवर (फ्रेंच भाषेच्या सर्वोच्च संस्थेवर) निवडून आले, ते ‘सेदार’ हे आपल्या सेरेर समाजातलं नाव सोबत घेऊनच. ही नावंही तुमच्या यादीत घाला. मग स्वतःचं नाव ठेवणारं मूल वर्गात वेगळं पडत नाही.

मुलगा-मुलगी ठरवणारं नाव ज्यांना नको असेल, त्यांच्यासाठी कामी, क्लोद, दोमिनिक आहेत. नाव दोघांनाही चालतं. ‘खूश’साठी पुल्लिंगी ‘काँताँ’ म्हणायचं की स्त्रीलिंगी ‘काँताँत’, ते मूल स्वतः सांगतं.

नावाची पाटी पुठ्ठ्याची करा, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, म्हणजे मागच्या बाकालाही दिसेल. सत्राच्या मध्यावर एकदा नाव बदलायची मुभा द्या. आणि उत्तरपत्रिकेवर, पालकांच्या चिठ्ठीत आणि कुणाला रागावताना मुलाचं खरं नावच वापरा.