रक्त तपासून कॅन्सरच्या पेशी वेगळ्या काढता येतात का? मग बायोप्सी कशाला?

काढता येतात. पण ते "मग बायोप्सी कशाला" वाचलं आणि आमचे दाजी आठवले, म्हणून लिहायला बसलो.

रक्ताचं आधी उरकतो. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात सापडतात हे ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने १८६९ लाच लिहून ठेवलंय. अडचण शोधायची आहे. एक मिली रक्तात लाल पेशी पाचशे कोटीच्या आसपास, पांढऱ्या पन्नासेक लाख, आणि ह्या असल्या तर चार-दोन. सेलसर्चच्या मशीनला साडेसात मिली रक्त लागतं, त्यात चुंबकी कण टाकतात, ते एपकॅम प्रोटीनवाल्या पेशीला चिकटतात, मग चुंबकाने ओढून रंग देऊन बघायचं. ज्या पेशीवर ते प्रोटीन उरलं नाही ती निसटली. अमेरिकेत २००४ ला मंजुरी मिळाली ती पसरलेल्या कॅन्सरचं पुढे काय होईल ह्याच्या अंदाजासाठी, गाठ कसली आहे ते ठरवायला नाही.

आता दाजी. मी सोलापुरात हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे बायोप्सीचे तुकडे तपासणाऱ्या लॅबचा टेक्निशियन, चौदा वर्षं ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) कापतोय. ताईच्या सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या, स्तनात गाठ आली, शनिवारी संध्याकाळी एका नर्सिंग होममध्ये काढली. तिथं ती सलाईनच्या पाण्यात घालून दाजींच्या हातात दिली आणि दाजींनी ती घरच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी, सोमवार सकाळपर्यंत ठेवली! "फ्रीजमध्ये होतं की, खराब कसं होईल?" अहो, सलाईनमध्ये टिश्यू सडतो. दहा टक्के फॉर्मॅलिन लागतं, टिश्यूच्या दहापट, आणि तासाभराच्या आत. कॅन्सर आहे एवढं स्लाईडवर दिसलं, पण ईआर-पीआर-हर टूचा (कॅन्सरच्या पेशीवर कुठली प्रोटीनं आहेत ते सांगणाऱ्या टेस्टचा) भरवसा राहिला नाही आणि औषध कुठलं द्यायचं ते त्याच्यावरच ठरतं. पुढच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी निघाल्या तेव्हा त्यांच्यावर टेस्ट केली, मधले पाच आठवडे गेले. दाजी आजही लग्नकार्यात सांगतात, मेव्हण्याच्या लॅबने रिपोर्ट बिघडवला, त्यापेक्षा रक्ताची टेस्ट बरी.

तर तुम्ही एवढंच विचारा, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता पडला. सुईने कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. हां, काही जागच्या गाठींना सुई लावत नाहीत, ते सर्जन बघेल, आणि ट्रीटमेंट चालू असताना रक्ताची टेस्ट लिहून दिली तर करा, मी काही तिच्या विरोधात नाही.

आणि दाजी, रविवारी लॅब बंद असते हे खरं, पण चावी माझ्याकडेच होती. एक फोन करायचा होता.