आईचा व्हॉल्व्ह एरिया ०.८, पण ग्रेडियंट फक्त २६. व्हॉल्व्ह बदलायचा की थांबायचं?

(प्रश्नात दिलेली माहिती: आईचं वय ७३, बीपीचा जुना त्रास, ईएफ (कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी हृदय दर ठोक्याला किती टक्के बाहेर टाकतं) ६०. एक डॉक्टर एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह अरुंद होणं, सीव्हिअर म्हणतात, दुसरे मॉडरेट म्हणून वर्षाने यायला सांगतात. एरिया म्हणजे व्हॉल्व्ह किती चौरस सेंटीमीटर उघडतो ते; ग्रेडियंट म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक. एकच्या खालचा एरिया सीव्हिअर म्हणतो, चाळीसच्या खालचा ग्रेडियंट मॉडरेट, म्हणून हा घोळ.)

'वर्षाने या' वाचलं आणि लिहायला बसलो. जवळपास याच आकड्यांवरून आमच्या घरात भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

सौ. उन्हाळ्यात सांडगे घालायला गच्चीत जायची, ती जिन्याच्या वळणावर परात कठड्यावर टेकवून थांबायला लागली. विचारलं की उत्तर एकच, "गुडघे." त्यामुळे उपचारही गुडघ्यांवरच झाले. पुढच्या वर्षी परात शेजारच्या मुलीच्या हाती वर जाऊ लागली. शेवटी कोणीतरी स्टेथोस्कोप नीट लावला, मग इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. ग्रेडियंट २८.

आमचे साडू फिजिशियन आहेत. रिपोर्ट बघून म्हणाले, "अठ्ठावीसला कोण व्हॉल्व्ह बदलतं? चाळीस होऊ दे."

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. गेट गंजून अर्ध्यावर अडकलंय, पण कालव्यात पाणीच कमी सोडलंय, तर गेटच्या अलीकडच्या-पलीकडच्या पातळीत फरक थोडाच दिसणार. तेवढ्यावरून 'गेट ठीक' असा शेरा मारणाऱ्याला मी मेमो दिला असता. ग्रेडियंट प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. प्रवाह एक पंचमांश घटला की चाळीसचा २६ होतो. तुमचाच आकडा!

"पण ईएफ साठ आहे ना," हा साडूंचा पुढचा मुद्दा. अहो, ती टक्केवारी आहे. वर्षानुवर्षं बीपी असलेल्या बाईच्या हृदयाची भिंत जाड होते, आतला कप्पा आकसतो. कप्प्यात ७० मिली मावत असेल तर साठ टक्के म्हणजे ४२ मिली. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एका ठोक्याला ३५ मिलीच्या वर रक्त बाहेर पडत नसेल तर प्रवाह कमी धरतात, ईएफ कितीही देखणा असो. कॅनडात क्यूबेकच्या डॉक्टरांनी हे २००७ मध्येच मांडलंय. साडूंची एमडी त्याच्या आधीची.

मी सौ.ला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी बीपी घेतलं. वरचं १८० च्या आसपास होतं. म्हणाले, एवढ्या बीपीवर ग्रेडियंट खोटा कमी येऊ शकतो, आधी हे खाली आणू. पहिल्या रिपोर्टवर बीपी लिहिलेलंच नव्हतं. बीपी आटोक्यात आल्यावर पुन्हा इको. या वेळी नेहमीच्या जागांनंतर तिला उजव्या कुशीवर वळवलं आणि छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला पेन्सिलीएवढा प्रोब लावला. त्यात चित्र दिसत नाही, नुसता सूंऽऽ आवाज. डॉक्टर हात जागचा न हलवता प्रोब केसभर कलता करत होते आणि आवाज चढत होता. ग्रेडियंट ३४ निघाला. चाळीस नाहीच! म्हणून सीटीवर व्हॉल्व्हचा कॅल्शियम स्कोअर (व्हॉल्व्हवर किती कॅल्शियम साचलंय) काढला. त्याला डाय लागत नाही, काही मिनिटांचं काम. १६४०.

साडू म्हणाले, "दोन हजारच्या खाली आहे." दोन हजार पुरुषांसाठी, बायकांना १२०० च्या पुढे सीव्हिअर असण्याची शक्यता दाट धरतात. हे सांगितलं तर म्हणाले, "बायकांचं वेगळं काय असतं?" तेही मेहुणीसमोर.

सौ.ला टावी झालं, म्हणजे छाती न उघडता मांडीच्या धमनीतून नवा व्हॉल्व्ह बसवला. खर्च बराच आहे, लपवत नाही. साडू त्याला अजून 'नवीन फॅड' म्हणतात. पहिलं २००२ मध्ये फ्रान्समध्ये झालं. गोळ्यांनी दम थोडा हलका होतो, व्हॉल्व्ह उघडत नाही. यंदा सांडगे तिने स्वतः घातले आणि साडूंकडे डबाभर पाठवले. मी नको म्हणत होतो.

आता तुमचं. मी डॉक्टर नाही आणि तुमचे 'मॉडरेट' म्हणणारे चुकीचेच असतील असं नाही. ०.८ हाही आकडा मोजमापावर उभा आहे. व्हॉल्व्हखालच्या नळीचा व्यास २० मिमीचा १८ मोजला गेला असेल, तर खरा एरिया ०.९९ असतो, कारण तिथेही वर्ग आहे. आई अगदी लहानखुरी असेल, म्हणजे पावणेपाच फूट, ४२ किलो, तर त्या शरीराला ०.८ खरोखर मॉडरेट असू शकतो. भिंत जाड पण ईसीजीतल्या लाटा त्या मानाने लहान असतील तर अमायलॉइड (हृदयाच्या स्नायूत साचणारं प्रथिन) आहे का, हेही विचारा. ईएफ कमी असता तर डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) देऊन इको केला असता. तो रस्ता वेगळा, तुमचा नाही. तुम्ही कॅल्शियम स्कोअर करा, बायकांचा आकडा लावायला सांगा आणि इकोच्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहून घ्या.

आणि मुख्य गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही: आईला दम लागतो का, चक्कर येते का, छातीत भरून येतं का? यातलं काहीच नसेल तर थांबण्यात अर्थ असू शकतो. पण तिला विचारू नका, ती 'गुडघे' म्हणेल. जिना चढताना बघा. उंची-वजनही कळवा.