उत्तर: ग्वातेमालातल्या माया गावात दातांच्या शिबिराला जाण्याआधी

तुम्ही विचारलंय, की न्यू जर्सीतल्या एका ग्रुपबरोबर मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात, तिथल्या मूळच्या माया लोकांच्या गावात आठवडाभर दातांच्या शिबिराला जावं का, आणि सोबत काय न्यावं. मी अकरा वर्षं सोलोला प्रांतातल्या एकाच काक्चिकेल (माया लोकांपैकी एक समाज) गावात जातेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जरूर जा. पण पैसे भरण्याआधी ग्रुपला एवढं विचारा: आपण परत आल्यावर चौथ्या दिवशी एखाद्याचा जबडा सुजला, तर तो कोणाकडे जाणार? त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर मिळाला तरच हो म्हणा. तिथल्या आरोग्य मंत्रालयाची आणि दंतवैद्यांच्या कॉलेजियोची (त्यांच्या व्यावसायिक संघटनेची) परवानगी काढलीय का, हेही विचारून घ्या.

पहिल्या वर्षी, शेवटच्या दिवशी, रांग संपवायच्या घाईत मी एका बाईची खालची अक्कलदाढ काढली. मूळ वाकडं होतं, हाड बरंच कोरावं लागलं. दुसऱ्या दिवशी आमची गाडी निघाली. पुढल्या वर्षी कळलं, की तिसऱ्या दिवसापासून तिला ठणका लागला, तोंड उघडेना, आणि शेवटी घरच्यांनी पेरणीसाठी राखलेला मका विकून तिला शहरात नेलं. ती बरी झाली. पण त्या घराचं बियाणं माझ्या घाईपायी गेलं, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून अवघड दाढा सोमवारी-मंगळवारीच काढतो. शेवटचे दोन दिवस फक्त मुलं: फ्लोराइडचा लेप आणि साधं भरणं.

आता सामान. दात उपटायचे फोर्सेप्स (चिमटे), दात सैल करायचे एलिव्हेटर, भुलीच्या लिडोकेनच्या कार्ट्रिज, डोक्याला बांधायचा दिवा, दात भरायचं ग्लास आयोनोमर आणि हाताची हत्यारं भरपूर न्या. वीज कधीही जाते, त्यामुळे ड्रिलच्या भरवशावर राहू नका. निर्जंतुकीकरणासाठी गॅसवर चालणारा ऑटोक्लेव्ह हवाच. कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड फार उपयोगी पडतं, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे लावायच्या आधीच मुलाच्या आईला सांगा, नंतर नाही. मुदत संपत आलेली औषधं नेऊ नका. आणि कोणाच्या पुढच्या दातांवर सोनेरी टोपण दिसलं, तर ते काढायचा सल्ला देऊ नका. तो हौसेनं केलेला दागिना असतो.

भाषेकडे बहुतेक ग्रुप दुर्लक्ष करतात. ग्वातेमालात २२ माया भाषा बोलल्या जातात, आणि गावातल्या वयस्क बायकांपैकी बऱ्याच जणींना स्पॅनिश येत नाही. आमच्याकडे गावातलीच एक आरोग्य प्रमोटर (प्रशिक्षण घेतलेली गावची आरोग्यसेविका) दुभाषाचं काम करते. एकदा भूल दिल्यावर मी बाईला म्हटलं, 'ओठ जड वाटेल.' प्रमोटर बराच वेळ बोलत राहिली. ती बाई पाठीवरचं मूल सावरत हसली आणि तिनं घट्ट धरलेली खुर्ची सोडली. नंतर मी विचारलं, एवढं काय सांगितलंस? 'सांगितलं, ओठ मेला नाही, झोपलाय. तोर्तिया (मक्याच्या भाकऱ्या) थापायच्या वेळेपर्यंत उठेल.' माझ्या वाक्यानं ती बाई नुसती घाबरली असती.

कोणी इंजेक्शन नको म्हणालं तर त्याला अडाणी समजू नका. १९४६ ते १९४८ मध्ये अमेरिकी सरकारच्या डॉक्टरांनी ग्वातेमालातल्या कैद्यांना, सैनिकांना आणि मनोरुग्णांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण केली होती. माफी मागितली २०१० मध्ये. पुढे १९६० ते १९९६ असं यादवी युद्ध चाललं, दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात सुई पाहून थबकणं अगदी स्वाभाविक आहे.

म्हणूनच गावातल्याच माणसांना तयार करायला हवं, आणि त्यात नवं काही शोधायचीही गरज नाही. शेजारच्या चिमाल्तेनांगोत डॉ. कॅरोल बेहरहॉर्स्ट यांनी १९६२ पासून काक्चिकेल शेतकऱ्यांनाच आरोग्य प्रमोटर म्हणून तयार केलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेची निरनिराळ्या देशांतली उदाहरणं एकत्र छापली, त्यात चिमाल्तेनांगो होतं आणि आपल्या आरोळे दांपत्याचं जामखेडही. जामखेडच्या गावोगावच्या बायकांनी काय करून दाखवलं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून तुमच्या वेळापत्रकात रोजचे दोन तास गावातल्या माणसांना शिकवण्यासाठी ठेवा, मग काढलेल्या दातांची संख्या कमी झाली तरी चालेल.

तारखा शक्यतो फेब्रुवारी-मार्चमधल्या घ्या. मे ते ऑक्टोबर पाऊस, रस्ते खचतात. शाळा जानेवारीत सुरू होतात, त्यामुळे मुलं एका जागी भेटतात.

यंदा आमच्या त्या प्रमोटरनं सहा मुलांच्या दाढा हातानं साफ करून स्वतः भरल्या. मी शेजारी बॅटरी धरून उभी होते.