वेटिंग एजंट: ओलं करणारं की जिरवणारं?

प्रश्न कोपरखैरण्याहून आला आहे. विचारणाऱ्या ताई महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतात. त्यांच्या पंपरूममध्ये आग विझवायच्या पाण्यात मिसळण्यासाठी एका द्रव्याचा ड्रम ठेवलेला आहे आणि त्यावर फक्त 'वेटिंग एजंट' लिहिलंय. एप्रिलमधल्या अग्निशमन सप्ताहासाठी मराठी पाट्या करायला घेतल्या, तेव्हा एकानं 'आर्द्रताकारक अभिकर्ता' सुचवलं, दुसऱ्यानं 'ओलसरक'. कामगारांना वेटिंग म्हटलं की रेल्वेचं तिकीट आठवतं, त्यामुळे 'आग लागल्यावर वेटिंग कसलं करायचं?' असंही विचारून झालं. ताईंचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे: पाणी मुळातच ओलं, मग त्याला ओलं करणारं द्रव्य कशाला, आणि त्याला मराठीत म्हणायचं काय?

आधी सुचवलेले दोन शब्द बाजूला ठेवू. 'अभिकर्ता' विम्याच्या कागदांत शोभतो. रसायनातला एजंट म्हणजे नेमून दिलेलं काम करणारा पदार्थ, त्याला 'द्रव्य' पुरे. 'आर्द्रता' हा शब्द आता हवामानाच्या बातम्यांनी घेतलाय. तो वाचून माणूस कपाळावरचा घाम पुसेल, होज उचलणार नाही. आणि 'ओलसर' तर ओल्याहूनही कमी. दोरीवरचे कपडे ओलसर राहिले म्हणजे जवळजवळ वाळले. इथे हवंय नेमकं उलट.

आता पाणी ओलं कसं नसतं ते. 'अळवावरचं पाणी' आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो, पण तो वाक्प्रचार निरीक्षण म्हणूनही चोख आहे. अळवाच्या मेणचट पानावर पाणी पसरत नाही, थेंब गोल होऊन घरंगळतो, पान कोरडंच राहतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पृष्ठभागावरच्या या ओढीला शाळेच्या पुस्तकात पृष्ठताण म्हणतात. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन भरतो, म्हणजे स्पिरिटसारख्या द्रवांच्या तिप्पट. वेटिंग एजंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून पळतं आणि मेण, तेल, कोळसा असल्या पदार्थांना बिलगतं. हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात आणि ती ओढ निम्म्याहूनही खाली आणतात. मग तेच पाणी पसरतं, फटीत शिरतं, धाग्याधाग्यातून आत जातं. घरी बघायचं असेल तर अळवाच्या पानावर भांड्याच्या साबणाचं पाणी टाकून पाहा.

कच्च्या कापसाचंही तसंच. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, म्हणून तो पाण्यावर बराच वेळ तरंगतो. दवाखान्यातला कापूस लगेच पाणी पितो, कारण त्याचं मेण काढून टाकलेलं असतं. दाबून बांधलेली कापसाची गाठ, कागदाचे रोल, लाकडाचा भुसा, वाशीच्या बाजारातल्या आंब्याच्या पेट्यांतला पेंढा, भिवंडीच्या गोदामांतल्या कापडाच्या ताग्यांच्या थप्प्या, डम्पिंगवरचा कचरा, या सगळ्यांच्या आगी आतून जळतात. वरून पाण्याचा मारा केला की ज्वाळा जातात, पाणी निथळून खाली वाहतं आणि पोटातली आग धुमसत राहते. बातमीत आपण वाचतो, 'आग आटोक्यात, कुलिंगचे काम सुरू'. ते कुलिंग तासन्‌तास चालतं ते बहुतेकदा याच पोटातल्या आगीपायी. गाठी फोडा, थर उकरा, पुन्हा पाणी मारा.

अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो ज्या घटनेमुळे, तिथेही सुरुवात कापसानंच झाली होती. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर स्फोटकं आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्र होत्या. आग लागल्यावर नऊशे टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं गेलं, तरी ती हाती लागली नाही. दुपारी चारनंतर स्फोट झाले आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. वेटिंग एजंटनं ते टळलं असतं असं मी म्हणणार नाही. धुरामुळे आगीचं मूळच सापडत नव्हतं, आणि पाणी कितीही भिनणारं असलं तरी मारायचं कुठे हे कळावं लागतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो: या द्रव्यानं पाण्याची उष्णता शोषण्याची ताकद वाढत नाही. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. पाणी आग थंड करतं ते मुख्यतः याच जोरावर. द्रव्य फक्त ते पाणी वाहून जाऊ न देता जळत्या पदार्थापर्यंत नेतं. म्हणून प्रमाणही थोडंच लागतं, साधारण हजार लिटरला एक ते दहा लिटर. नेमका आकडा ड्रमवरच्या सूचनेतून घ्यावा.

तर द्रव्य 'ओलं' करत नाही, मग काय करतं? मराठीत पाण्याच्या वागण्याला क्रियापदांची कमी नाही. वस्तू वरून ओली होते, आतपर्यंत पाणी गेलं की भिजते. डाळ आपण भिजत घालतो, ओली करत नाही. पाणी अंगावरून निथळतं, भिंतीतून झिरपतं, कुठेतरी मुरतं. पण मुरायला वेळ लागतो, लोणच्याला विचारा, आणि 'पाणी कुठेतरी मुरतंय' म्हटलं की संशयाचा वास येतो. राहिलं जिरणं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा महाराष्ट्रात एसटीच्या मागे, शाळेच्या भिंतीवर, सगळीकडे वाचलेली आहे. वाहून जाणारं पाणी आत घालणं हा तिचा अर्थ, आणि ड्रममधलं द्रव्य शब्दशः तेच करतं. शिवाय एखाद्याची जिरवणं हा अर्थ आहेच. आगीच्या बाबतीत तोही चालून जाईल.

'भिजवणारं द्रव्य' चूक नाही, पण भिजणं हे वस्तूचं काम आणि जिरणं पाण्याचं. द्रव्य पाण्यात मिसळायचं आणि बदल पाण्यात घडतो, म्हणून माझा कौल जिरवण्याला. विरजणे या क्रियापदापासून विरजण, कालवणे पासून कालवण, तसं जिरवणे पासून जिरवण. थोडंसं घालायचं नि सगळ्याचा गुण पालटायचा, हा विरजणाचा स्वभावही आयताच जुळतो. शेतकरी फवारणीच्या टाकीत औषध पानावर पसरावं म्हणून जे घालतात, त्याला बहुतेक जण 'स्टिकर' म्हणतात. तो शब्द इथे आणू नये, कारण त्यातून चिकटण्याचाच अर्थ लागतो.

पाटीवर मात्र एकटा 'जिरवण' लिहू नका. ड्रमवर, पुरवठादाराच्या कागदांवर आणि बाहेरून आलेल्या फायरमनच्या तोंडी 'वेटिंग एजंट'च असणार. धावपळीत दोन नावांचा मेळ घालायला कुणाला वेळ नसतो. दोन्ही शेजारी लिहा, आणि खाली ठळक अक्षरात: 'कापूस, कागद, लाकूड, कचरा यांच्या आगीसाठी.'

ही ओळ महत्त्वाची, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात सॉल्व्हंटचे, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांचे, पिंप पावलोपावली आहेत. पेटलेलं सॉल्व्हंट पाण्याहून हलकं असेल तर पाणी तळाला जातं आणि आग वर तरंगत पसरते. तिथे वर थांबून झाकण घालणारा फोम लागतो, आत जिरणारं पाणी नव्हे. फोमच्या ड्रमवर म्हणून 'फोम'च राहू द्या, आणि दोन ड्रमांतली द्रव्यं एकमेकांत ओतायची नाहीत हेही लिहा. उरलेलं पाणी गटारातून खाडीला जाणार नाही याची तजवीज हवी. असली द्रव्यं माशांच्या कल्ल्यांना घातक असतात, आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

लिंगाचं विचाराल तर विरजणासारखंच नपुंसकलिंगी: ते जिरवण, जिरवणाचा ड्रम, 'पाण्यात जिरवण घातलं का?' बोलताना कुणी 'जिरवणी' केलं तर टोकू नका, दोन्ही रूपं कानाला बरी लागतात.