वाचकांचे प्रश्न : गावाला आवडलेला फोटो एजन्सी परत का पाठवते?

प्रश्न : यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. गेली तीन वर्षे मी 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर, त्याच्यासोबत मिळालेल्या 18-55 लेन्सने फोटो काढतो. माझा एक फोटो आमच्याकडच्या कृषी केंद्राने कॅलेंडरवर छापला, तेव्हापासून सगळे मला फोटो विकायला सांगत होते. धीर करून मी बागेचे, घड काढणीचे आणि सातपुड्याचे मिळून 20 फोटो एका स्टॉक एजन्सीकडे, म्हणजे छायाचित्रकारांचे फोटो गिऱ्हाइकांना विकणाऱ्या संस्थेकडे, पाठवले. त्यांपैकी 17 परत आले. कारणांत ‘फोकस’, ‘नॉइज’ आणि ‘आर्टिफॅक्ट’ एवढेच शब्द आहेत. माझ्या लॅपटॉपवर तर सगळे फोटो स्वच्छ दिसतात. परत आलेल्यांपैकी चार फोटो मूळ फाइलींसह पाठवत आहे. नेमके काय चुकले ते कृपया सांगावे.
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : आपण मूळ फाइली पाठवल्या हे फार बरे केले, कारण फोटो न पाहता सल्ला देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे झाले असते. आपले फोटो सुंदर आहेत की नाहीत, यावर तपासणाऱ्याने काहीच मत दिलेले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. गिऱ्हाईक फोटोचे काय करणार हे एजन्सीला आधी ठाऊक नसते; कोणी तो वेबसाइटवर बोटभर आकारात लावतो, तर कोणी त्याचा एक कोपरा कापून दहा फुटी फ्लेक्स छापतो आणि तो फुटला की तक्रार एजन्सीकडे येते. म्हणून तेथे फोटो 100 टक्क्यांवर, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल असा उघडून पाहतात. आपला फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलांचा आहे. फुल एचडी पडद्यावर तो पूर्ण बसवला की 1620 बाय 1080 एवढाच उरतो, म्हणजे जवळजवळ 14 पिक्सेलांचा मिळून एक पिक्सेल होतो आणि त्या सरासरीत दाणे, किंचित हललेपणा, कडांवरच्या रेघा असे सगळे बुजून जाते. कॅलेंडरवर तो चांगला दिसला त्याचेही कारण हेच आहे. कॅलेंडर कोणी भिंग लावून पाहत नाही.

घड कापणाऱ्या मजुरांचा फोटो मी 100 टक्क्यांवर बराच वेळ पाहिला. बागेत पानांची सावली दाट, त्यामुळे कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी, आपोआप 3200 वर नेलेला आहे. एवढे करूनही फोटो काळपट आला, म्हणून आपण सावलीचा भाग संगणकावर सुमारे दोन स्टॉपने उजळलेला दिसतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, तेव्हा त्या भागाची अवस्था आयएसओ 12800 वर काढल्यासारखी झाली. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, उजेडच कमी पडला असेल, तर उजळताना चित्राबरोबर त्यातला गोंगाटही वाढतो. खालच्या फण्यांवर हिरव्या रंगात जे लाल-निळे ठिपके उमटले आहेत, तोच हा नॉइज. ते घालवण्यासाठी आपण नॉइज कमी करण्याची पट्टी बरीच पुढे सरकवली. ठिपके गेले, पण त्यांच्याबरोबर सालीवरचे बारीक तपकिरी डाग आणि कापलेल्या दांड्यावरून ओघळलेला चीकही गेला, आणि घड मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत झाला. मग तो मऊ वाटला म्हणून शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणे, वाढवले, आणि विळ्याच्या पात्याला व मजुराच्या टोपीच्या कडेला पांढरी रेघ उमटली. ‘आर्टिफॅक्ट’ हा शब्द त्यांनी बहुधा या रेघेसाठी वापरला आहे. उजेड कमी पडला एवढाच मूळ दोष होता. बाकीचे दोन आपण त्याच्यावर उपचार करताना ओढवून घेतले.

यावर संगणकावर उपाय शोधू नये, तो बागेतच करावा. सकाळी ऊन तिरपे असते तेव्हा ते दोन ओळींमधून खोडांपर्यंत पोहोचते. त्या वेळेची काढणी गाठावी किंवा घड बांधावर आणून ठेवतात तेथे उभे राहावे. आयएसओ 400 च्या आसपास ठेवावा, माणसे काम करत असल्याने शटरचा वेग सेकंदाच्या 1/250 च्या खाली जाऊ देऊ नये आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या कच्च्या फाइलीत, घ्यावा. नॉइज आणि शार्पनिंग या दोन्ही पट्ट्या, आपल्याला हव्याशा वाटतात त्याच्या निम्म्यावरच थांबवाव्यात.

दुसऱ्या फोटोतला दोष साधा आहे. कॅमेऱ्याने स्वतःच फोकसचा बिंदू निवडला आणि पुढे आलेले पान स्पष्ट, मागची बाई आउट असे झाले. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवण्याची सवय लावावी.

सातपुड्याच्या फोटोने मला अधिक गुंतवून ठेवले. ही लेन्स आपली नाही. फाइलमधल्या नोंदीनुसार ती दूरचे जवळ आणणारी, 300 मिलिमीटरची आहे, फोटो मे महिन्यात दुपारी दीड वाजता काढलेला आहे आणि शटर 1/1000 आहे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर या लेन्सला 1/500 पुरेसा धरतात, म्हणजे आपला हात हललेला नाही. फोकसही चुकलेला नाही, कारण मग जवळचे किंवा दूरचे काहीतरी स्पष्ट असायला हवे होते. येथे मधली हवाच हललेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, नांगरलेली काळी जमीन तापते आणि तिच्यावरून उठणाऱ्या गरम हवेचे थर प्रकाशाला क्षणोक्षणी वेगवेगळे वाकवतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर जे पाणी भासते, तोच प्रकार येथे डोंगराच्या कडेवर झालेला आहे. डोंगरावरच्या झाडांच्या रेषा एकाच फोटोत कोठे जाड तर कोठे नागमोडी दिसत आहेत, यावरून ते ओळखता येते. स्टँड, महागडी लेन्स किंवा वेगवान शटर यांपैकी कशानेही हे सुधारत नाही. असा फोटो सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, जमीन थंड असताना काढावा, किंवा पावसाळा उघडल्यावर काढावा. मी स्वतः तापीच्या पलीकडच्या काठाचे फोटो काढण्यात असे दोन उन्हाळे वाया घालवले आणि दोष लेन्सला देत राहिलो.

चौथ्या फोटोत पुढच्या वाफ्यापासून आकाशापर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून आपण एफ-22 निवडला आहे; एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र बारीक. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे सगळाच फोटो किंचित मऊ होतो. आपल्या लेन्सला एफ-8 सर्वांत मानवेल. दुसरे असे, की छिद्र जितके बारीक तितकी सेन्सरवरची धूळ ठळक उमटते. आकाशात डावीकडे वर चार करडे डाग आहेत आणि ते पक्षी नाहीत. ट्रॅक्टर जाणाऱ्या वाटेवर लेन्स बदलली की हे व्हायचेच. कोरे आकाश एफ-16 वर टिपून पाहावे, डाग दिसले तर कॅमेरा तोंड खाली करून रबरी फुंकणीने झटकावा. तोंडाने मात्र फुंकू नये, थुंकीचे थेंब धुळीपेक्षा चिवट असतात. पानांच्या कडांना आकाशाच्या बाजूने जी जांभळी किनार दिसते, ती लेन्सचा दोष आहे आणि रॉ उघडणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका चौकटीत खूण केली की ती जाते.

एक सूट आपल्याला घेता येईल. शटरस्टॉक आणि अॅडोबी स्टॉक या दोन्ही एजन्सींकडे आकाराबाबत फोटो किमान 4 मेगापिक्सेलचा असावा एवढीच अट आहे. नॉइज थोडाच असेल, तर 24 मेगापिक्सेलचा फोटो 12 पर्यंत लहान करून पाठवावा. सरासरीमुळे दाणे बुजतात. काही जाणकार याला पळवाट म्हणतात. मला त्यात गैर वाटत नाही, मात्र आउट झालेला फोटो याने वाचत नाही.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत सायंकाळी धावणाऱ्या घोड्याचा फोटो मी मुद्दाम मागची गर्दी पुसट येईल असा काढला. तो ‘फोकस नाही’ म्हणून नाकारला. पुसटपणा मुद्दाम ठेवलेला आहे, हे त्यांना कळत नाही का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : कळते, पण त्यासाठी फोटोत काहीतरी एक ठामपणे स्पष्ट असावे लागते. आपल्या फोटोत गर्दी पुसट आहे तसा घोड्याचा डोळाही पुसट आहे, म्हणून तो हेतू न वाटता चूक वाटतो. शटर 1/60 ठेवून, घोड्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत, दहा-पंधरा फोटो सलग काढावेत. एखाद्यात डोके स्थिर सापडते. हे कसब साधेपर्यंत ऊन असतानाच 1/1000 वर काढावे. दत्तजयंतीच्या दिवसांत उजेड लवकर उतरतो, तेव्हा दुपारी चारच्या आतली शर्यत गाठलेली बरी.

प्रश्न : माझा मुलगा फोनवर फोटो काढतो, माझा पुतण्या ते धुळ्याला संगणकावर नीट करतो आणि मी पाठवते. सगळे नाकारले गेले. फोनचे फोटो चालतच नाहीत का?
— एक वाचक, साक्री

उत्तर : चालतात, विशेषतः भर उजेडातले. आपल्या बाबतीत मला फोनपेक्षा वाटेचा संशय येतो. मुलगा पुतण्याला फोटो व्हॉट्सअॅपवर साधाच पाठवत असेल, तर तो तेथेच लहान होतो आणि दाबलाही जातो. जेपेगमध्ये, म्हणजे फोटो दाबून साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात, चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलांचे चौकोन करून प्रत्येकातला बारीक तपशील टाकून देतात; जितके दाबाल तितके अधिक टाकले जाते, आणि दर वेळी उघडून, बदलून, पुन्हा जतन केले की त्यात आणखी भर पडते. निळ्या आकाशात किंवा भिंतीवर 100 टक्क्यांवर पाहिल्यास हे चौकोन आपल्यालाही दिसतील. लहान झालेला फोटो सॉफ्टवेअरने फुगवून 4 मेगापिक्सेल करण्याचाही उपयोग नाही, कारण गेलेला तपशील परत येत नाही आणि तपासणाऱ्याला तो फुगवटा लगेच ओळखू येतो. मूळ फाइल केबलने किंवा पेनड्राइव्हने द्यावी. व्हॉट्सअॅपच वापरायचे असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. पुतण्याने सगळे बदल एकाच बैठकीत करून शेवटी एकदाच, सर्वोच्च गुणवत्तेवर, जेपेग करावे.