‘अतिरिक्त’ न्यायाधीश ‘कायम’ कोण करतो?

प्रश्न : उच्च न्यायालयातील अतिरिक्त न्यायाधीशांना ‘कायम’ केल्याच्या बातम्या येतात. ज्या सरकारविरुद्धच्या याचिका ते ऐकतात, तेच त्यांना कायम करत असेल, तर न्यायालयाच्या स्वातंत्र्याला अर्थ काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : शंका रास्त आहे आणि जुनीही. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 224 मध्ये ही तरतूद आली, तेव्हा हेतू साधा होता : खटले तुंबले, तर जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी जादा न्यायाधीश नेमावेत. प्रत्यक्षात ती उमेदवारीच होऊन बसली. कायम न्यायाधीश वयाच्या 62 व्या वर्षापर्यंत पदावर राहतो आणि त्याला दूर करायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते. अतिरिक्त न्यायाधीशाची मात्र नुसती मुदत संपू दिली की झाले.

आणीबाणीत मुंबई उच्च न्यायालयातील अतिरिक्त न्यायाधीश उमेश ललित यांना असेच कायम केले गेले नाही. (2022 मध्ये सरन्यायाधीश झालेले उदय ललित हे त्यांचे चिरंजीव.) पुढे 18 मार्च 1981 रोजी कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक धाडले : अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात कायम होण्याची संमती घ्यावी, पसंतीची तीन न्यायालये क्रमाने लिहून घ्यावीत, संमती दिली म्हणजे नेमणूक होईलच असे नाही, ही पुस्तीही त्यात होती. मुंबईतून इक्बाल छागला व सहकारी वकिलांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी त्याच वर्षीच्या 30 डिसेंबरला, मुदत संपलेल्या न्यायाधीशाला लहरीने वगळता येणार नाही असे बजावले खरे, पण बहुमताने अंतिम शब्द सरकारचाच मानला. तो निकाल 1993 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने फिरवला.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे आजचे उत्तर असे की शिफारस न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचे कॉलेजियम करते आणि सरकारच्या हाती मुख्यतः फाईल रोखून धरणे उरते. तरी टांगती तलवार गेलेली नाही. 2021 मध्ये नागपूर खंडपीठातील एका अतिरिक्त न्यायाधीशांच्या, बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या खटल्यांतील निकालांवरून गदारोळ उठला, तेव्हा त्यांना कायम करण्याची शिफारस न्यायवृंदानेच मागे घेतली. निकाल चुकीचे होते, आणि बहुचर्चित निकाल सर्वोच्च न्यायालयाने अपिलात रद्दही केला. पण मला खटकते ते हे की अपिलाचा मार्ग मोकळा असताना निकालाची किंमत पदाने मोजावी लागली. पद रिकामे असेल, तर अनुच्छेद 217 खाली थेट कायम नेमणूक करायला आजही आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयासाठी तर दोन वर्षांच्या मुदतीच्या अशा अतिरिक्त न्यायाधीशांची तरतूदच घटनेत नाही.