सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरचा घोडा बदलताना

प्रश्न : आजोबांच्या वेळेपासून घरात असलेले, कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या धाटणीचे आणि प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने चढवावा लागणारे सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर नोंदले गेले आहे. त्याच्या घोड्याच्या एका खाचेचा कोपरा उडाला असून अर्धा चढवलेला घोडा कधी कधी आपोआप सुटतो. परदेशातून ऑनलाइन नवा घोडा मागवावा आणि ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यातील फिटरकडून तो बसवून घ्यावा, असा विचार आहे. फिटर हाताचा पक्का आहे. यात काही अडचण येईल का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : अर्धा चढवलेला घोडा सुटत असेल, तर प्रथम हे रिव्हॉल्व्हर रिकामे करून कुलूपबंद ठेवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यात काडतूस घालू नये. पुढचे सारे त्यानंतर.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. त्यामुळे परदेशातून घोडा मागवणे म्हणजे कलम १० खालील आयात होय आणि तिला वेगळा परवाना लागतो. शस्त्राची दुरुस्ती करण्यासाठीही कलम ५ प्रमाणे परवाना आवश्यक आहे. आपला परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे. तो आपल्या फिटरला दुरुस्तीचा अधिकार देत नाही, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यातील शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाची माहिती सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारता येईल. आपल्याला स्वतः जाणे शक्य नसेल, तर कलम ३ च्या परंतुकानुसार (त्यातील अपवादानुसार) आपल्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकते.

आता यंत्राकडे वळू. १८७३ च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मीच्या रचनेत घोडा केवळ काडतुसावर आघात करतो असे नाही. त्याच्या पायथ्याशी तीन खाचा असतात : पहिली सुरक्षेची, दुसरी काडतुसे भरण्यासाठी सिलिंडर (काडतुसांचे फिरते नळकांडे) मोकळे ठेवणारी आणि तिसरी पूर्ण चढवलेला घोडा धरून ठेवणारी. चापाचे टोक याच खाचांत अडकते. सिलिंडर फिरवणारा ‘हात’ घोड्यालाच जोडलेला असतो, आणि सिलिंडरला जागेवर अडवणारा खटका वरखाली होतो तोही घोड्याच्या बाजूला असलेल्या छोट्या उंचवट्यामुळे. यंत्रमागात एक भाग बदलला की धोटा सुटण्याची वेळ बिघडते, हे आपल्या फिटरला सांगावे लागणार नाही. इथेही घोडा बदलला की सिलिंडरची सारी वेळ नव्याने जुळवावी लागते. म्हणूनच तयार घोडा आणला, स्क्रू काढला आणि बसवला, असे सहसा होत नाही. इटलीच्या उबर्टी किंवा पिएत्ता यांच्या प्रतिकृतींचे भाग मूळ कोल्टमध्ये जसेच्या तसे बसतील, असेही गृहीत धरू नये.

कानशीने खाच ‘नीट’ करून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. घोड्याचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, पण ते कठीण कवच पातळ असते. ते घासले गेले की आतले मऊ पोलाद उघडे पडते, खाच भराभर झिजते आणि घोडा आज अर्धा चढवलेल्या स्थितीतून सुटतो तसा उद्या पूर्ण चढवलेल्या स्थितीतूनही सुटू लागतो. एक खाच तुटली असेल, तर चापाचे टोकही तपासून घ्यावे, कारण बहुधा दोन्ही एकमेकांना खाऊन झिजलेली असतात. नव्या घोड्याबरोबर झिजलेला चाप तसाच ठेवणे हा माझ्या मते खोटा काटकसरीपणा आहे.

काम झाल्यावर दुरुस्तकासमोरच, सिलिंडरची सहाही घरे (काडतुसे बसण्याच्या जागा) रिकामी असल्याची खात्री करून, घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढावा. चार आवाज स्पष्ट ऐकू यायला हवेत : सुरक्षेची खाच, अर्धा घोडा, मग खटका सिलिंडरवर पडल्याचा, आणि शेवटी पूर्ण घोडा. या चौथ्या आवाजाच्या क्षणीच खटका सिलिंडरच्या खोबणीत बसला पाहिजे. तो लवकर पडत असेल, तर सिलिंडरभोवती ओरखड्याची गोल रेघ उमटू लागते. उशिरा बसत असेल, तर घर नळीच्या सरळ रेषेत येत नाही, आणि हा दोष अधिक गंभीर आहे. त्यानंतर पूर्ण चढवलेला घोडा, चापाला बोट न लावता, अंगठ्याने पुढे दाबून पाहावा. तो खाली आला, तर काम परत करायला सांगावे. ही तपासणी करताना घोडा पुन्हापुन्हा रिकामा आपटू देऊ नये; या रचनेत आघाताची सुई घोड्यावरच असल्याने तिला आणि तिच्या भोकाला इजा पोहोचते.

नवा घोडा बसला तरी सुरक्षेच्या खाचेवर विसंबून सहाही घरे भरू नयेत. ती खाच आणि चापाचे टोक दोन्ही बारीक असतात. शस्त्र हातातून पडून घोड्यावर आघात झाला, तर ती तुटून गोळी उडू शकते. पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने पडली. रुगर कंपनीने १९७३ पासून आपल्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा व सुई यांच्यामध्ये येणारी पट्टी बसवली. चाप पूर्ण दाबल्याखेरीज आघात सुईपर्यंत पोहोचत नाही. ती रचना वेगळी असल्याने तो घोडा आपल्या रिव्हॉल्व्हरला चालणार नाही.

दुरुस्तकाकडून शस्त्राचा क्रमांक आणि बदललेल्या भागांचा उल्लेख असलेली पावती घ्यावी. जुना घोडा भंगारात टाकू नये किंवा कोणाला देऊ नये. कायद्याच्या दृष्टीने तो अजूनही शस्त्राचाच भाग आहे, तेव्हा त्याचे काय करायचे हे परवाना शाखेला लेखी विचारून ठरवावे.